रजिस्टरं भरली आहेत, बेरीज बाकी आहे : ठाणे महापालिकेला खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त आणि मा. वैद्यकीय आरोग्य अधिकारी,
ठाणे महानगरपालिका, पाचपाखाडी, ठाणे.

विषय : शहराचा वार्षिक अँटिबायोग्राम तयार करून प्रसिद्ध करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी नौपाड्यात राहते. मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये १९८६ पासून २०२० पर्यंत टेक्निशियन होते. पेशंटची लघवी, रक्त, पू, थुंकी आमच्याकडे यायची. त्यातून कोणता जंतू वाढतो आणि तो कोणत्या अँटिबायोटिकने मरतो, हे बघून आम्ही रिपोर्ट द्यायचो. कल्चर-सेन्सिटिव्हिटी म्हणतात ती हीच तपासणी. जंतू औषधाला दाद देत असेल तर रजिस्टरमध्ये ‘एस’ लिहायचं, देत नसेल तर ‘आर’. चौतीस वर्षं मी ही दोन अक्षरं लिहीत होते. सुरुवातीच्या काळात पानावर एस जास्त असायचे. मी निवृत्त झाले तेव्हा आर जास्त होते.

हे पत्र त्या पानांबद्दल आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. ठाण्यातल्या लॅबमध्ये रोज लिहिले जाणारे हे आर आणि एस वर्षातून एकदा एकत्र मोजा आणि त्याचा एका पानाचा तक्ता शहरातल्या प्रत्येक डॉक्टरच्या टेबलावर पोचवा. अशा तक्त्याला अँटिबायोग्राम म्हणतात. तो इतका महत्त्वाचा का वाटतो, ते मात्र सविस्तर सांगावं लागेल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझ्या आईला लघवीला जळजळ सुरू झाली. तिचं वय तेव्हा ७८. गोखले रोडवरून भाजीची पिशवी घेऊन एकटी चालत येणारी बाई. आमचे फॅमिली डॉक्टर आम्हाला वीस वर्षं ओळखतात. त्यांनी सेफिक्सिम लिहून दिलं. चौथ्या दिवशीही फरक पडेना, तेव्हा ते बदलून ऑफ्लॉक्सासिन दिलं. मी रोज हेच काम करणारी. त्याच दिवशी कल्चर करून घेऊ या, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. घरच्या माणसाच्या दुखण्यात ‘बघू अजून दोन दिवस’ असंच आपण म्हणतो, आणि ते दोन दिवस मी अजून विसरलेले नाही. आठव्या रात्री आईला हुडहुडी भरून ताप चढला. पहाटे ती मला माझ्या मावशीच्या नावाने हाका मारू लागली. आम्ही तिला ॲडमिट केलं.

त्या सकाळी तिच्या लघवीचा नमुना थर्मासमध्ये बर्फात ठेवून मी लोकलने लॅबला नेला आणि प्लेट लावली, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या बशीत तो पसरला. दुसऱ्या दिवशी मॅकॉन्की नावाच्या जेलीच्या प्लेटवर गुलाबी कॉलनी आल्या होत्या. ई. कोलाय. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारा हा जंतू. तो मूत्रमार्गात गेला की त्रास देतो. तो म्युलर-हिंटन या दुसऱ्या जेलीच्या प्लेटवर पसरला आणि वर औषधांच्या डिस्क ठेवल्या. डिस्क म्हणजे औषधात भिजवून वाळवलेली कागदाची चकती, सहा मिलीमीटर रुंद. रात्रभरात ते औषध भोवतीच्या जेलीत पाझरतं. जंतूची वाढ थांबली तर चकतीभोवती स्वच्छ गोल दिसतो. त्याला आम्ही झोन म्हणतो आणि पट्टीने त्याचा व्यास मोजतो. झोन मुळीच नसेल तर रजिस्टरमध्ये शून्य लिहीत नाहीत, सहा लिहितात. कारण चकती स्वतःच सहाची असते.

तिसऱ्या सकाळी आईची प्लेट मी उजेडाकडे धरली. सेफिक्सिम सहा. ऑफ्लॉक्सासिन सहा. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सहा. ज्या गोळीला (अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलानेट) आपण सगळे नुसतं ‘सिक्स ट्वेंटी फाईव्ह’ म्हणतो, तिला नऊ. म्हणजे तीही आर. मेरोपेनेमला सत्तावीस, म्हणजे एस. आणि प्लेटच्या कडेला नायट्रोफ्युरंटॉइनला वीस, तेही एस.

त्या शेवटच्या आकड्यापाशी माझा हात थांबला. नायट्रोफ्युरंटॉइन ही १९५० च्या दशकात आलेली स्वस्त गोळी. ती लघवीत उतरते आणि तिथेच काम करते. पहिल्या दिवशी जळजळ मूत्राशयापुरतीच होती, आईची किडनी चांगली होती, तेव्हा ही गोळी मिळाली असती तर ती बहुधा घरीच बरी झाली असती. आता जंतू किडनीत आणि तिथून रक्तात गेला होता, आणि तिथे या गोळीचा उपयोग होत नाही. आईला मेरोपेनेमची इंजेक्शनं द्यावी लागली, दिवसातून तीन वेळा, दहा दिवस. बिल पावणेदोन लाखांवर गेलं. ती घरी आली, पण त्यानंतर एकटी भाजी आणायला कधी गेली नाही. (हे वाचून कुणी केमिस्टकडे ही गोळी मागायला जाऊ नये, ही हात जोडून विनंती. किडनीचं काम मंद असेल तर ती द्यायची नसते, आणि ते डॉक्टरच ठरवू शकतात.)

पुढच्या आठवड्यात मी रिपोर्ट घेऊन आमच्या डॉक्टरांकडे गेले. भांडायला नव्हे, त्यांना कळावं म्हणून. त्यांनी तो कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, “ताई, माझ्याकडे आठवड्याला लघवीच्या त्रासाचे दहा-बारा पेशंट येतात. त्यातल्या किती जणांचा जंतू सेफिक्सिमला दाद देत नाही, हे मला कोण सांगणार? एमआर येतो तो त्याच्या कंपनीच्या गोळीचं सांगतो. आम्ही शिकलो तेव्हा नॉरफ्लॉक्सासिन चालायचं.”

मी गप्प बसले. कारण त्यांना हवा होता तो आकडा माझ्याकडे होता. निदान आमच्या लॅबपुरता तरी होता. वर्षानुवर्षं मी स्वतःच्या हाताने तो लिहिला होता. पण तो कधी कुठल्या फॅमिली डॉक्टरपर्यंत गेला नव्हता. वर्ष संपलं की रजिस्टरांचे गठ्ठे सुतळीने बांधून रेकॉर्ड रूममध्ये जायचे, आणि ठेवण्याची मुदत संपली की रद्दीत. एका पेशंटचा रिपोर्ट त्याला मिळाला की आमच्या लेखी काम संपलं. हजार पेशंटांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले तर आख्ख्या शहराला काय झालंय हे दिसेल, इकडे लक्ष द्यायला कुणाला फुरसत नव्हती.

इथे जंतूंबद्दल थोडं सांगते, कारण यात एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोकांना वाटतं, सारख्या गोळ्या घेऊन आपलं शरीर औषधाला सरावतं. सरावतो तो जंतू. खरं तर तोही सरावत नाही. कोट्यवधी जंतूंत दोन-चार असे असतात, ज्यांच्यात योगायोगाने बदल झालेला असतो आणि औषध त्यांना लागू पडत नाही. औषध घेतलं की बाकीचे मरतात आणि या दोन-चारांना मोकळं रान मिळतं. ई. कोलायला खायला-प्यायला नीट मिळालं की वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. या हिशेबाने एका जंतूचे आठ तासांत एक कोटी सदुसष्ट लाख. आपण रात्री झोपतो आणि सकाळी उठतो तेवढ्यात.

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. औषधापासून वाचण्याची ही युक्ती जंतू एकमेकांना देतात. डीएनएचा एक लहानसा गोल तुकडा असतो, प्लास्मिड; तो एक जंतू दुसऱ्याला देतो, आणि दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी देतो. लेडीज डब्यात एखादीने चकलीचा डबा उघडला की तो ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांच्या हातून ठाण्यापासून दादरपर्यंत फिरतो, तसंच. एकाच प्लास्मिडवर तीन-चार वेगवेगळ्या औषधांपासून बचाव लिहिलेला असू शकतो. आईच्या जंतूकडे ईएसबीएल नावाचं एन्झाइम होतं. ते सेफिक्सिम, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारख्या औषधांचा रेणूच तोडून टाकतं. आणि आईने त्याआधी तीन वर्षं एकही अँटिबायोटिक घेतलं नव्हतं. म्हणून ‘आमच्या घरात कोणी उगाच गोळ्या घेत नाही’ एवढ्यावर कोणाला निर्धास्त राहता येत नाही. हे जंतू पाण्यातून, अन्नातून, हातांवरून, दवाखान्यातून येतात. हे आख्ख्या शहराचं दुखणं आहे, आणि मी महापालिकेला पत्र लिहिते आहे ते त्याचसाठी.

आई आजारपणात एक आठवण पुन्हा पुन्हा सांगायची. तिचा थोरला भाऊ १९४७ साली पायात खिळा घुसून, जखम चिघळून गेला. आठ-नऊ वर्षांनी धाकट्या बहिणीचा पाय तसाच सुजला. डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली आणि ती उठून चालू लागली. तेव्हा पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना नुकताच, १९५४ साली, उभा राहिला होता. आमच्या आजोबांना त्याचा केवढा अभिमान होता, असं आई सांगायची. आता आपल्याच मातीत पेनिसिलिन होणार म्हणून ते पेढे घेऊन आले होते. एकाच बाईच्या आयुष्यात ही औषधं आली आणि तिच्याच म्हातारपणी ती एकेक करून निकामी होताना तिने अंगावर सोसलं. पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच धोक्याचा इशारा दिला होता, की कमी मात्रेत औषध घेतलं तर जंतू त्याला जुमानेनासे होतील. ऐंशी वर्षं झाली.

टायफॉइडचं उदाहरण घ्या, कारण ठाण्याच्या पावसाळ्याशी त्याचा जवळचा संबंध आहे. मी नोकरीला लागले तेव्हा टायफॉइडला क्लोरॅम्फेनिकॉल द्यायचे. केरळात १९७२ साली त्याला न जुमानणारी साथ येऊन गेली होती, पण ते आमच्यासाठी पुस्तकातलं होतं. १९९० च्या सुमारास ते आमच्या प्लेटवर आलं. क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन, कोट्रायमोक्साझोल, तिन्ही एकदम आर. मग सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. त्याचे झोन इतके मोठे असायचे की शेजारच्या डिस्कच्या झोनमध्ये घुसायचे. सगळ्यांना हायसं वाटलं. काही वर्षांतच ते झोन आक्रसत गेले, आणि डॉक्टर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनच्या इंजेक्शनांकडे वळले. २०१६ पासून पाकिस्तानातल्या सिंध प्रांतात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही दाद न देणारा टायफॉइड पसरला आहे. तो आपल्या प्लेटवर कधी दिसेल, हे ज्याला दिसेल त्याने ताबडतोब सांगायला हवं. सांगायचं कुणाला, ही व्यवस्था मात्र हवी.

याच गोष्टीचा एक भाग असा आहे, की तो आठवला की मला अजून उभारी येते. माझ्या नोकरीच्या शेवटच्या दहा वर्षांत टायफॉइडच्या प्लेटवर क्लोरॅम्फेनिकॉलच्या चकतीभोवती पुन्हा झोन दिसू लागला. पहिल्यांदा मला वाटलं, डिस्कची कुपी चुकली. परत लावलं. तोच झोन. पुढे वाचलं तर भारतात इतरत्रही हेच दिसत होतं. वीस वर्षं टायफॉइडसाठी ते औषध फारसं वापरलं गेलं नाही, तेव्हा प्रतिकार बाळगणारे जंतू मागे पडले. क्लोरॅम्फेनिकॉलचे स्वतःचे धोके आहेत, ते सरसकट परत आणा असं मी म्हणत नाही. पण औषधाला विसावा दिला तर कधी कधी ते परत मिळतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. सगळ्या जंतूंच्या बाबतीत असं होत नाही. कुठे होतंय आणि कुठे नाही, हे मोजल्याशिवाय कळणार कसं?

आणि आपण काय करतो? जुलै-ऑगस्टमध्ये तीन दिवस ताप आला की विडाल करतो. ही टायफॉइडसाठीची १८९६ सालची रक्ततपासणी आहे. जिथे टायफॉइड मुरलेला आहे, तिथे जुना संसर्ग किंवा दुसराच ताप असतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. तिच्या भरवशावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू होतं. अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी रक्ताचं कल्चर घेतलं तर जंतू सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, पण कल्चरला दोन-तीन दिवस आणि काहीशे रुपये जास्त लागतात. लोकमान्य नगरातल्या, दिव्यातल्या माणसाला हे दोन्ही परवडत नाही. आपल्या आरोग्य केंद्रांत आणि आपला दवाखान्यांत ताप आणि लघवीच्या त्रासासाठी कल्चरचा नमुना मोफत घेतला गेला, तर ही अडचण बऱ्याच अंशी सुटेल. माझ्या मागणीतला दुसरा भाग म्हणा हवं तर.

महापालिका हे करू शकते का? खाडीपलीकडे बघा. २०१८ साली नवी मुंबई महापालिकेने ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना टायफॉइडची कॉन्जुगेट लस दिली. एक लाखाहून जास्त मुलांना. सरकारी यंत्रणेने या लशीची मोहीम घेण्याची ती जगातली पहिली वेळ होती. जगभरच्या टायफॉइडच्या अभ्यासकांनी आपल्या वाशी-ऐरोली-घणसोलीकडून धडा घेतला. ज्या मुलाला टायफॉइड होणार नाही त्याला सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही लागणार नाही, म्हणजे हे कामही याच लढाईतलं. ठाणे त्यात मागे का राहावं?

क्षयरोगाच्या बाबतीत आपण मोजणी करतोच. रुग्ण सापडला की त्याच्या जंतूवर रिफॅम्पिसिन चालतं का, हे सीबीनॅट मशीनवर पाहायचं, रुग्णाची नोंद निक्षय पोर्टलवर करायची, हा नियम आहे. डेंग्यू-मलेरियाचे आकडे दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येतात. मग लघवीच्या संसर्गाचे, टायफॉइडचे, चिघळलेल्या जखमांचे आकडे एकत्र करण्यात वेगळं असं काय आहे?

देशपातळीवर आकडे आहेत. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं जाळं २०१३ पासून मोठ्या रुग्णालयांतून ते गोळा करतं. त्यांच्या अहवालांत ई. कोलायवर इमिपेनेम चालण्याचं प्रमाण २०१७ साली ८१ टक्के होतं, २०२३ मध्ये ते ६३ टक्क्यांच्या आसपास आलं. इमिपेनेम म्हणजे मेरोपेनेमचा सख्खा भाऊ, दवाखान्यात ठेवणीतलं म्हणून वापरायचं औषध. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे जगभरात थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. हे आकडे मी कमी लेखत नाही. पण ते बहुतांशी मोठ्या रुग्णालयांतले, आयसीयूतले आहेत. वर्तकनगरच्या दवाखान्यात सकाळी अकरा वाजता लघवीला जळजळ होते म्हणून आलेल्या बाईला कोणती गोळी द्यावी, ते त्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी वर्तकनगरच्या, कळव्याच्या, मानपाड्याच्या, मुंब्र्याच्या बाह्यरुग्णांचे आकडे पाहिजेत. केरळने राज्याचा अँटिबायोग्राम काढून दाखवला आहे. २०११ च्या जनगणनेतच ठाण्याची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार होती. एवढ्या शहराला स्वतःचा तक्ता असायला हवा.

आता करायचं कसं, ते सांगते. हे माझं आयुष्यभराचं काम आहे, म्हणून थोडं बारकाईने लिहिते. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय महापालिकेचं आहे, त्याला जोडून राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मायक्रोबायोलॉजी विभागाकडे या कामाचं नेतृत्व द्यावं. शहरातल्या खासगी लॅबना दरमहा आकडे पाठवण्याचं आवाहन करावं. पेशंटचं नाव-पत्ता नको, फक्त वय, स्त्री की पुरुष, कोणता नमुना, बाह्यरुग्ण की ॲडमिट, कोणता जंतू, आणि प्रत्येक औषधापुढे आर की एस. जागतिक आरोग्य संघटनेचं व्होनेट नावाचं सॉफ्टवेअर यासाठीच बनवलेलं आहे, ते फुकट मिळतं. एका पेशंटचा एकच, पहिला जंतू धरायचा. नाहीतर महिनाभर ॲडमिट असलेल्या एका माणसाचे सहा रिपोर्ट आख्खं चित्र बिघडवतात. ज्या जंतूचे वर्षभरात निदान ३० नमुने नाहीत त्याची टक्केवारी छापायची नाही, कारण ती फसवी असते. आयसीयू आणि बाह्यरुग्ण वेगळे ठेवायचे, एकत्र मिसळले तर फॅमिली डॉक्टरला त्याचा उपयोग शून्य. आणि शेवटी ए-फोर कागदाच्या एका बाजूवर मावेल असा तक्ता. डॉक्टर दोन पेशंटांच्या मध्ये जेवढा वेळ मान वर करतात, तेवढ्यात वाचून झाला पाहिजे. आयएमएची ठाणे शाखा, होमिओपॅथी-आयुर्वेदाच्या डॉक्टरांच्या संघटना, सगळ्यांना तो द्यावा.

लॅबवाले आकडे देतील का, हा प्रश्न येईल. सगळे देणार नाहीत. दहा लॅबनी दिले तरी पहिल्या वर्षाला पुरे. दुसरी अडचण जास्त खरी आहे आणि ती मी लपवत नाही: ज्यांना पहिल्या औषधाने गुण येतो त्यांचं कल्चर कोणी करत नाही, म्हणून लॅबच्या रजिस्टरमधलं चित्र प्रत्यक्षापेक्षा काळं दिसतं. आरोग्य केंद्रांतून सरसकट मोफत नमुने घेतले की ही खोट कमी होते. आणि तिसरी शंका, जी कुणी उघड बोलत नाही, ती म्हणजे आकडा वाईट आला तर शहराचं नाव खराब होईल. मेरोपेनेमसारख्या ठेवणीतल्या औषधांपासूनही जंतूला वाचवणाऱ्या एनडीएम नावाच्या जनुकाला नवी दिल्लीचं नाव दिलं गेलं, आणि २०१० साली देशात त्या नावावरूनच वादळ उठलं. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या ५० पैकी २ आणि रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या १७१ पैकी ५१ नमुन्यांत ते जनुक सापडलं होतं. नावावर राग काढल्याने पाण्यातलं जनुक काही गेलं नाही. आपल्या कोपरीच्या सांडपाणी केंद्रातले नमुनेही वर्षातून दोनदा तपासून घ्यावेत. हे सांडपाणी शेवटी आपल्याच खाडीत जातं आणि खाडीत मासेमारी करणारी माणसं आपलीच आहेत.

केमिस्ट मंडळींवर खापर फोडणं फार सोपं आहे. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपात रोजंदारीवर असलेला माणूस तापात डॉक्टरकडे गेला तर फी जाते आणि वर खाडा पडतो. तो काऊंटरवरून दोन गोळ्या घेतो आणि कामावर जातो. त्या माणसाला मी बोल लावणार नाही. पण एक वही त्या काऊंटरखालीही असते. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतल्या औषधांसाठी डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं याची वेगळी नोंद ठेवून ती तीन वर्षं जपायचा नियम आहे. आईने घेतलेलं सेफिक्सिम त्या यादीत आहे. हा विषय एफडीएच्या, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या अखत्यारीतला आहे, तुमच्या नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्यांच्याशी बोलून, शहरात कोणतं औषध किती खपतं याची वॉर्डवार बेरीज त्या वह्यांतून घेतली, तर एका बाजूला विक्री आणि दुसऱ्या बाजूला आर-एस ठेवून पाहता येईल. लॅबचं रजिस्टर आणि केमिस्टचं रजिस्टर एकमेकांच्या शेजारी उघडलेलं मी चौतीस वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

आईला जाऊन आता तीन वर्षं झाली, त्याचं कारण वेगळं होतं. तिचा तो रिपोर्ट मी जपून ठेवला आहे. आमच्या डॉक्टरांनी त्या दिवसापासून लघवीच्या त्रासाच्या जमेल तितक्या पेशंटचं आधी कल्चर करायला सुरुवात केली, आणि रिपोर्टांची एक वही स्वतःच ठेवली. गेल्या महिन्यात त्यांनी ती मला दाखवली: एकशे बारा पेशंट, शाळेच्या वहीत उभ्या-आडव्या रेघा मारून केलेला तक्ता. एका माणसाने, ओपीडी सांभाळून, स्वतःच्या अक्षरात केलेलं हे काम आहे. ते ही वही महापालिकेला द्यायला तयार आहेत.

मीही तयार आहे. व्होनेट मला वापरता येतं, रजिस्टरातली वाकडीतिकडी अक्षरंही लावता येतात. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी दहा ते एक मी कळव्याच्या लॅबमध्ये येऊन बसेन, मानधन नको. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या दोघी मैत्रिणींनी हो म्हटलं आहे. एक कोपरखैरण्याला राहते, तिला नवी मुंबईसाठीही हेच काम करायचं आहे. आम्हाला एक कॉम्प्युटर, एक टेबल आणि आपल्या सहीचं एक पत्र लागेल, म्हणजे लॅबवाले आम्हाला दारातून परत पाठवणार नाहीत. जानेवारीत सुरुवात केली तर पुढच्या पावसाळ्याआधी पहिला तक्ता, निदान लघवीच्या ई. कोलायपुरता, तयार होईल.

आपल्या उत्तराची वाट पाहते.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन,
नौपाडा, ठाणे